पुराव्यानिशी प्राध्यापक

पदोन्नतीचा अर्ज भरायला बसलं की माणसाला स्वतःविषयीच शंका येऊ लागते. आपण इतकी वर्षं शिकवलं हे आपल्याला ठाऊक असतं. मागच्या बाकावर झोपणाऱ्यांनाही अंधुकसं आठवत असेल. पण अर्जाला ते ठाऊक नसतं. अर्जाला पीडीएफ लागते.

त्यातही शिकवण्यासाठी रकाना बोटभर, आणि शोधनिबंधांसाठी पानंच्या पानं! तिथे सगळी मदार एच-इंडेक्सवर. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हा आकडा सुचवला. तुमच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा कुणी संदर्भ दिला, तर तुमचा इंडेक्स दहा. आणि एकच निबंध लिहिलात, जगभर हजारोंनी त्याचा संदर्भ दिला, तर? एक. आमच्या विभागातले एक गृहस्थ हे गणित फार लवकर समजले. ते प्रत्येक नव्या निबंधात आपल्याच जुन्या निबंधांची आस्थेने विचारपूस करतात.

मग येतो इम्पॅक्ट फॅक्टर. हा खरं तर नियतकालिकाचा आकडा: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो सांगतो. त्यावरून माणसं जोखू नका, असं संशोधन कसं जोखावं याविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ सालीच म्हटलंय. समितीपुढे मी हे नम्रपणे मांडलं. अध्यक्षांनीही नम्रपणे विचारलं, "हा जाहीरनामा कुठल्या नियतकालिकात आला? इम्पॅक्ट फॅक्टर किती?"

ज्यांच्या नावाने 'हिग्ज बोसॉन' हा मूलकण ओळखला जातो, त्या २०१३ साली नोबेल मिळालेल्या पीटर हिग्ज यांनी त्याच वर्षी सांगितलं होतं, की आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती. माझं 'उत्पादन' कमी पडलं असतं. हे मी घरी मोठ्या उत्साहाने ऐकवलं. "त्यांच्याकडे निदान कण तरी होता," बायको म्हणाली.

सगळ्यात अवघड मात्र बाह्य परीक्षकांची यादी. परीक्षक तुमचा मित्र नको, सहलेखक नको, गुरू तर नकोच. पण तुमचं काम त्याला बारकाईने माहीत हवं. आता माझा विषय इतका चिंचोळा, की त्यात शिरलेली माणसं एकतर माझी सहलेखक झाली किंवा वाटेतच परत फिरली. शेवटी एका परिषदेत ज्याच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, त्याचंच नाव दिलं. माणूस कडू आहे, पण माझे निबंध तळटीपांसकट वाचणारा जगात तेवढा एकच.