परीक्षा, लस आणि घुमट

मेलबर्नच्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये मी पहिल्यांदा गेले ती इतिहास बघायला नाही, लस घ्यायला. २०२१ साल. दंडावर कापसाचा बोळा धरून पंधरा मिनिटं प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं होतं, मोबाइलची बॅटरी संपली होती, म्हणून मान वर केली. वर तो घुमट. त्याखाली रंगवलेल्या कमानी, भिंतींवर लॅटिन वचनं, आणि खाली सॅनिटायझरचा वास. नर्सला म्हटलं, काय सुंदर जागा आहे हो. ती म्हणाली, "मी इथे अकाउंट्समध्ये नापास झाले होते."

खरंच, इथे विद्यापीठाच्या परीक्षा होतात. पुढे माझ्या लेकीनेही इथेच पेपर दिले. जूनच्या थंडीत हात गारठतात आणि कुणी उठलं की लाकडी जमीन करकरते, ही तिची तक्रार. डोक्यावर 'आउदे सापेरे' लिहिलंय, म्हणजे जाणून घ्यायचं धाडस कर. ती म्हणते, पेपर बघून धाडस होत नाही.

ही इमारत १८८० सालची. जोसेफ रीड हा वास्तुरचनाकार, डेव्हिड मिचेल हा कंत्राटदार. शहराची वस्ती तीन लाखही नव्हती आणि यांनी जागतिक प्रदर्शन भरवलं. भारतातला चहाही त्यात होता. ९ मे १९०१ला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन इथेच झालं. त्याच संसदेने वर्ष संपायच्या आत कायदा करून आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना दार बंद केलं, हे मी घरी आलेल्या पाहुण्यांना आवर्जून सांगते. १९१९च्या साथीत इथे रुग्णालय होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर आवारात स्थलांतरितांचा तळ, १९५६च्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती आणि वजनं उचलणं. आता फुलांचं प्रदर्शन, परीक्षा आणि मधे एकदा लस.

२०२२मध्ये घुमटाभोवतीचा सज्जा पुन्हा खुला झाला. १८८० साली लोक तिथून शहर बघायला चढायचे, नंतर तो शंभरेक वर्षं बंदच होता. गाइडबरोबरच जाता येतं. वर वारा इतका की ओढणी सांभाळू की फोटो काढू अशी गत. खाली स्लेटची छपरं आणि कार्ल्टन बागेतली झाडांची रांग. मी फोटो काढून पुण्याला दादाला पाठवला आणि तिथेच फसले.

दादाचं उत्तर: "छान. तुला तिथून बोलायला काय जातं?"

संदर्भ बालगंधर्व रंगमंदिराचा होता. न कळणाऱ्यांसाठी थोडक्यात: १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी, १९६८च्या जूनमध्ये उद्घाटन, उभारणीत पु. ल. देशपांड्यांचं लक्ष. नाटकाबरोबर चित्रं आणि छायाचित्रांसाठी कलादालनही त्यातच. गेली काही वर्षं महापालिकेचा प्रस्ताव आहे की हे पाडून त्या जागी एकाऐवजी तीन नाट्यगृहांचं संकुल उभारावं. कलावंतांतच दोन तट आहेत. माझ्या घरातही. मी 'हात लावू नका'वाली, दादा 'पाडा एकदाचं'वाला.

दादाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. प्रयोगांना तारखा मिळत नाहीत, गाड्या लावायला जागा नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या पुण्यासाठी बांधलेली वास्तू आजच्या पुण्याला कशी पुरणार? "तुमच्याकडे बागेच्या मधोमध मोकळी जागा, आमच्याकडे जंगली महाराज रस्ता."

मला हेही कबूल आहे की मेलबर्नकर जन्मजात वारसाप्रेमी नाहीत. या इमारतीला ते कित्येक वर्षं पांढरा हत्ती म्हणायचे. १९४८ साली ती पाडायची की ठेवायची यावर नगरपालिकेत मतदान झालं आणि ती थोडक्यात वाचली. १९५३मध्ये तिला जोडलेलं मत्स्यालय जळालं, पुढे बाजूची दालनं पाडली, १९७९मध्ये नृत्यदालनही गेलं. शहाणपण आलं ते त्यानंतर. १९८०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती सुरू झाली. १९०१ सालचे रंग थरांखालून शोधून पुन्हा चढवले, आणि २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. नवं संग्रहालय हवं होतं, तेही बांधलं. शेजारी.

म्हणजे 'तिकडे बघा, नाहीतर आपण' हा आम्हा परदेशस्थांचा आवडता पाढा इथे चालत नाही. आपल्याकडेही हे जमलेलं आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची कुळी तर याच प्रदर्शनांची. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबईत वस्तू गोळा झाल्या, त्यातून ते रुजलं, १८७२मध्ये आजच्या वास्तूत उघडलं. पालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून २००३पासून काम केलं, २००८मध्ये दारं पुन्हा उघडली, मधेच युनेस्कोचा पुरस्कारही आला. ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा लोक म्हणाले, होतं तसंच पाहिजे. तिथे कुणी संकुल मागितलं नाही.

माझी खटकण्याची जागा वेगळी आहे. आपल्याकडे वास्तूची चर्चा सुरू होते तीच मुळी 'पाडायची का' इथून. त्याआधीची तीस वर्षं कुठे गेली? छत गळतंय, स्वच्छतागृहाचा वास प्रेक्षागृहात येतोय, खुर्च्या मोडल्यात. हे एका दिवसात होत नाही. पण गळती थांबवली म्हणून कोनशिला बसवता येत नाही, आणि गिलाव्याला फीत कापायला मंत्री येत नाहीत. आमच्या लहानपणच्या गावातलं सभागृह असंच 'नूतनीकरणा'त गेलं. सागवानी खिडक्या काढून अॅल्युमिनियम, वर पीओपी, दारात ग्रॅनाइट आणि ग्रॅनाइटवर नावं. तीन वर्षांत पीओपीतून पाणी. आता तिथेही संकुल होणार म्हणे.

मी दादाला एकच विचारलं. तीन नाट्यगृहं बांधाल, त्यांच्या छपराकडे दरवर्षी कोण बघणार, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून? एका छपराला मिळाले नाहीत ते तीन छपरांना कसे मिळणार? हे कागदावर दाखवलंत तर माझा विरोध निम्मा मावळेल. खरंच मावळेल. बालगंधर्व काही घुमटाची वास्तू नाही, तिच्यावरचं माझं प्रेम बरंचसं मध्यंतरातल्या बटाटेवड्याचं आहे हे मलाही ठाऊक आहे.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते मला विचारू नकोस, मी कर भरतो." आणि लगेच, "डिसेंबरात येतेयस ना? एखाद्या रविवारचं नाटक बघून ठेवतो. पुढची रांग नको, तुझी मान दुखते."

मी म्हटलं, बाराव्या रांगेची काढ. तिथून छतही दिसतं.