आवाज कमी का ठेवला होता

नमस्कार,

आमच्या हेडफोनच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत त्याचं काही नाही, पण ‘गिऱ्हाईकाची ऐपत बघून बोलतात’ हे वाक्य मनाला लागलं. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: ऑडीझी एलसीडी-एक्स आणि सेनहायझर एचडी ८०० एस हे दोन हेडफोन ऐकायला आलात तेव्हा एलसीडी-एक्सचा आवाज आम्ही मुद्दाम कमी ठेवला, हेडफोन थेट फोनला लावू दिले नाहीत, एकेक हेडफोन अर्धा अर्धा तास डोक्यावर ठेवायला लावला आणि शेवटी दोन्ही सोडून स्वस्तातला दाखवला.

आवाज कमी ठेवला हे खरं आहे, आणि पुढेही तसाच ठेवणार. एलसीडी-एक्सचा विजेला होणारा विरोध २० ओहम, एचडी ८०० एसचा ३०० ओहम. ॲम्पच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, नॉबला हात न लावता एक काढून दुसरा जोडला तर एलसीडी-एक्स कितीतरी मोठ्याने वाजतो. आणि जो मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस वाटतो. आवाज हळू असला की आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. म्हणजे नुसता नॉब फिरवून मी माझ्या मनातला हेडफोन कोणाच्याही गळ्यात मारू शकतो. तसं करायचं नाही, म्हणून दोन्हींची पातळी मायक्रोफोनवर मोजून सारखी करतो आणि मगच गाणं लावतो.

पातळी सारखी झाल्यावर तुम्ही स्वतः काय म्हणालात ते आठवा. किशोरीताईंचा ख्याल घेऊन आला होतात. एचडी ८०० एसवर तानपुरा गळ्यापासून सुटा, मागे पसरलेला ऐकू आला, पण डग्गा तुम्हाला पातळ वाटला. एलसीडी-एक्सवर डग्ग्याचा घुमारा भरून आला, तानपुरा मात्र गळ्याला येऊन चिकटला. माझंही मत अगदी हेच आहे. हे ऐकायला जाणता कान लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. म्हणूनच ‘हेडफोनचा दमच कळला नाही’ हे वाचून आश्चर्य वाटलं.

फोनचं थोडक्यात सांगतो. साध्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडायची छोटी वायर) एचडी ८०० एस वाजतो, पण हळू रेकॉर्ड झालेलं जुनं गाणं आलं की आवाज शेवटपर्यंत चढवूनही पुरत नाही. मग दोष हेडफोनला लागतो.

आता अर्ध्या तासाचं. एलसीडी-एक्सचं वजन ६१२ ग्रॅम, एचडी ८०० एसचं वायर सोडून ३३०. पहिली पाच मिनिटं दोन्ही झकास वाटतात. त्यानंतर तुमचा हात सारखा टाळूकडे जायला लागला, मान एका बाजूला कलली. शिवाय तुम्हाला चष्मा आहे. काडीमुळे कानामागे पॅड उचलला जात होता आणि तेवढ्या फटीतून खर्ज गळत होता. मी बोटाने पॅड दाबून धरला तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘आत्ता कसा आला!’ घरी बोट धरायला कोण बसणार? त्यात लेदरचे पॅड आणि मुंबईचा मे महिना. आमच्या एसीत घाम येत नाही, तुमच्याकडे पंख्याखाली येईल. आवाजाची आवड दहा मिनिटांत ठरवता येते, पण हेडफोन सोसतो की नाही हे वेळ दिल्याशिवाय कळत नाही, आणि लाख-दीड लाख मोजून झाल्यावर कळून उपयोग नसतो.

राहिली ऐपत. तुम्ही बोलता बोलता सांगितलंत की रात्री अकरानंतर ऐकता, त्याच खोलीत बाळ झोपलेलं असतं. हे दोन्ही हेडफोन मागून उघडे आहेत. आतलं गाणं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचा पंखा, रस्त्यावरचे हॉर्न सगळं आत येतं. शांत, वेगळी खोली असेल तर यांच्यासारखं सुख नाही, पण मुंबईत ती किती जणांकडे असते? म्हणून बंद पाठीचा बायरडायनामिक डीटी ७७० प्रो पुढे केला. २७० ग्रॅम वजन, मऊ वेलोरचे (मखमली कापडाचे) पॅड, चष्म्यावरही बरे बसतात. तानपुरा त्यात एचडी ८०० एससारखा पसरणार नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. किमतीत तो त्या दोघांच्या जवळपासही नाही. त्यात माझाच गल्ला कमी होतो, तरी दाखवला, कारण बाळ उठलं की तुमचा महागडा हेडफोन कपाटात जाणार होता.

तुम्हाला तो अपमान वाटला याचं मनापासून वाईट वाटतं. एलसीडी-एक्सच घ्यायचा असेल तर आनंदाने देईन, माझी काहीच हरकत नाही. फक्त एकदा आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी दादरला या, तेव्हा दुकानात गर्दी नसते. घरात वापरता तोच चष्मा घालून या, फोन आणि डोंगलही आणा, थेट लावून ऐका. आवाज मोजायचा मीटर तुमच्या हातात देतो, पातळी तुम्हीच लावा. आणि घाई करू नका, तासभर तरी बसा.

– दुकानमालक