‘शेजाऱ्यांकडून शिका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका बागायतदाराचं उत्तर

गावकीचा, शाळेच्या बॅचचा, मुंबईकर मंडळाचा, कुठलाही ग्रुप उघडा. हा मेसेज तिथे येऊन गेलेला असतो. खाली नाव कधी निवृत्त अधिकाऱ्याचं असतं, कधी डॉक्टरांचं, कधी नुसतंच ‘एक पर्यटक’. मजकूर मात्र तोच. कुणी गृहस्थ श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश फिरून आले, मग थोडे दिवस कोकणात राहिले आणि त्यांना साक्षात्कार झाला. ते म्हणतात: हे देश आपल्याहून गरीब, तरी स्वच्छ. माणसं समाधानी आणि कष्टाळू. बायका कामाला जातात. श्रीलंका दिवाळखोरीतून दोन वर्षांत पर्यटनावर उभी राहिली. कोकणाला तोच समुद्र, तोच माड, पण माणूस आळशी आणि भावकीत अडकलेला. म्हणून किनारा मोठ्या हॉटेल कंपन्यांच्या हाती द्यावा, पाच वर्षांत सोनं होईल.

गृहस्थांनी पाहिलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पाहुण्याला ओटीवर बसवून कोकम सरबत दिलं की तो घराची तारीफ करतो. माजघरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही नसते. पण ओटीवर बसून घराचा हिशेब मांडायला घेतला, की मग बोलावं लागतं.

आधी गरिबीचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. जागतिक बँकेच्या 2023 च्या आकड्यांत भारताचं दरडोई उत्पादन साधारण अडीच हजार डॉलर आहे. श्रीलंकेचं पावणेचार हजारांच्या पुढे, तेही दिवाळं निघाल्यानंतर. भूतानचं साडेतीन हजारांच्या पुढे. बांगलादेश आपल्या बरोबरीला. चारांत आपल्याहून गरीब म्हणावा असा एकटा नेपाळ. देश म्हणून आपली अर्थव्यवस्था अवाढव्य आहे हे खरं, पण ती एकशे चाळीस कोटींत वाटली जाते. मेसेजकर्त्याने रुपया तिकडे जास्त चालतो एवढं पाहिलं आणि माणसं गरीब ठरवून टाकली.

आता कष्टाळू नेपाळी आणि आळशी कोकणी. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो माझ्या बागेतला आहे.

मेसेज म्हणतो, कोकणात आंब्याची राखण नेपाळी करतात, ट्रॉलरवर खलाशी नेपाळी, आणि आपली पोरं नाक्यावर बसलेली. पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. रत्नागिरी आणि देवगडच्या बहुतेक मोठ्या बागांत आज गुरखे आहेत. मोहोराच्या आधी येतात, फवारणीला, राखणीला, झेल्याने आंबा उतरवायला, पेट्या भरायला असतात आणि पावसाच्या तोंडावर घरी जातात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींचंही तसंच. 1 जूनला मासेमारी बंद झाली की खलाशी निघतात आणि ऑगस्टमध्ये ते वेळेत परतले नाहीत तर मालक फोनला चिकटून बसतो. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला ना व्हिसा लागतो, ना परवाना.

पण ही माणसं इथे का येतात, हा प्रश्न नेपाळ फिरून आलेल्या माणसाला पडू नये? कष्ट हा त्यांचा स्वभाव आहे म्हणून येत नाहीत. गावात काम नाही म्हणून येतात. बाहेर गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा हा नेपाळच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास चौथा हिस्सा आहे. आखात, मलेशिया, कोरिया, आणि ज्यांना तिकिटाचा खर्च झेपत नाही त्यांना भारत. आमच्याकडे येणारी मंडळी सुदूर पश्चिमेच्या कैलाली भागातली. तुमच्या शेताचं कोण बघतं, म्हणून एकाला विचारलं, तर म्हणाला, “म्हातारा-म्हातारी आहेत शेठ, जेवढं होतं तेवढं करतात, बाकी पडून.” पोखऱ्याच्या तळ्याकाठी कॉफी पिताना हे पडीक शेत दिसत नाही.

आणि हे आम्हाला नवं आहे का? कोकणाने हेच शंभर-दीडशे वर्षं केलं. घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत, गावात मनीऑर्डर, बाई शेत बघणार. 1982 च्या संपाने गिरण्या मोडल्या, पण वाट तीच राहिली. आता लोअर परळऐवजी विरार आणि दिवा एवढाच फरक. 2001 ते 2011 या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, आणि रत्नागिरी जिल्ह्याची सोळा लाख सत्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. बाकी देश मुलींचं प्रमाण घटतंय म्हणून चिंता करत असताना आमच्याकडे हा आकडा, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं फारसं काही नाही. पुरुष मुंबईला गेलेत एवढाच त्याचा अर्थ. नाक्यावर बसलेली चार पोरं मेसेजकर्त्याला दिसली. वसई-विरारच्या लोकलला लटकलेली चाळीस त्याने मोजली नाहीत, कारण ती त्याच्या सहलीत नव्हती. कोकणी माणूस मुंबईत कष्टाळू ठरतो आणि गावात आळशी, तसाच नेपाळी इथे कष्टाळू ठरतो. काठमांडूतला कुणी शहाणा आपल्या खेड्यातल्या पोरांना काय म्हणत असेल, ते मला न जाता सांगता येईल.

समाधानाबद्दल थोडक्यात. श्रीलंकेत जुलै 2022 मध्ये लोक राष्ट्रपती भवनात घुसले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान देश सोडून भारतात आल्या. सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. चारांतले तीन देश. हॉटेलचा वेटर हसला म्हणून देश समाधानी होत नाही. आमच्याकडचा वेटरही हसतो. कामच आहे त्याचं ते.

उरला भूतान. सकल राष्ट्रीय आनंद, म्हणजे देशाची प्रगती नुसत्या उत्पादनाने नाही तर लोकांच्या आनंदाने मोजायची, ही तिथल्या चौथ्या राजांची कल्पना, आणि तिच्यामागे खरं धोरण आहे. देशाचा किमान साठ टक्के भाग जंगलाखाली राहील असं राज्यघटनेत लिहिणारा दुसरा देश मला माहीत नाही. पण त्याच भूतानमधून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख नेपाळी भाषक लोकांना बाहेर पडावं लागलं. ते पूर्व नेपाळातल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले आणि 2008 पासून त्यांतले बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत वसवले गेले. आठ लाखांहून कमी वस्तीच्या देशातून एक लाख! नेपाळ आणि भूतान दोन्ही पाहून आलेल्या माणसाच्या मेसेजात याची एक ओळ नसावी? आज तिथले शिकलेले तरुण, सरकारी नोकरीतलेसुद्धा, हजारोंनी ऑस्ट्रेलियाला जातायत. आनंद पुरेना झालाय, असं दिसतं.

बांगलादेशात बायका कामाला जातात, हा मुद्दा अर्धा मान्य. कपड्यांच्या कारखान्यांनी तिथल्या लाखो बायकांच्या हातात स्वतःची मजुरी दिली, आणि याबाबतीत आपण खरंच मागे आहोत. फक्त त्याच कारखान्यांतली राणा प्लाझा ही इमारत 24 एप्रिल 2013 ला कोसळली आणि 1,100 हून जास्त माणसं गेली, हेही त्याच वाक्यात यायला हवं. शिवाय कोकणात बायका कामाला जात नाहीत हा शोध त्यांनी कुठे लावला? काजूच्या कारखान्यात बिया फोडणारं, मासळी सोलणारं, बाजारात पाटी घेऊन बसणारं कोण आहे? भातलावणीला आषाढात येऊन पाहा.

आता श्रीलंका. तोच समुद्र, तोच माड, असं म्हणणाऱ्याने नकाशा बघितलेला नाही. श्रीलंकेला दोन किनारे आणि दोन मोसम आहेत. नैऋत्य मोसमी पावसात गॉल, हिक्काडुवाचा समुद्र खवळतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे, शांत असतात. डिसेंबर ते मार्च पश्चिम, मे ते सप्टेंबर पूर्व. धंदा बारा महिने चालतो, फक्त बाजू बदलते. आमच्याकडे किनारा एकच, आणि त्याच्या तोंडावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मे संपत आला की स्कूबा बंद, बोटिंग बंद, ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत. तारकर्लीत कर्ज काढून चार खोल्या बांधणाऱ्याने हप्ता बारा महिने भरायचा आणि गिऱ्हाईक मोजायचं दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार. मग तो नाताळात खोलीचा भाव तिप्पट करतो आणि पर्यटक त्याला लुटारू म्हणतो. तिप्पट भावाचं मी समर्थन करत नाही. पण तो कुठून येतो ते कळायला समुद्र कधी बंद असतो एवढं तरी माहीत हवं.

दोन वर्षांत उभी राहिली हेही असंच. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. त्या वर्षी भारताने जवळपास चार अब्ज डॉलरची मदत केली, मार्च 2023 मध्ये नाणेनिधीने तीन अब्जांचा कार्यक्रम मंजूर केला, आणि त्याबदल्यात तिथल्या माणसाने वाढलेले कर आणि विजेची बिलं सोसली. पर्यटनाने हात दिला, एकट्याने उभं केलं नाही. आणि जे तिथे खरंच कौतुकाचं आहे, ते त्याहून कितीतरी जुनं: 1931 मध्ये सगळ्या प्रौढांना मताचा अधिकार, 1945 पासून मोफत शिक्षण, आणि गावोगाव चालणारे सरकारी दवाखाने. मेसेजकर्त्याला भेटलेला इंग्रजी बोलणारा टुकटुकवाला या शाळांमधून आलाय. त्याचं श्रेय समुद्राला कशाला?

श्रीलंकेच्या डोंगरातल्या एल्लाच्या निळ्या रेल्वेचा फोटो मेसेजसोबत फिरतो. तो मार्ग इंग्रजांनी आधी कॉफी, मग चहा बंदरात उतरवायला बांधला. खिडकीतून दिसणारे मळे दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांच्या अंगावर उभे राहिले. 1948 च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंना नागरिकत्वच नाकारलं, आणि 1964 च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची वाटणी झाली: सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख श्रीलंकेने ठेवायचे. आमची कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, ती माणसांसाठी. मुंबई-गोवा हायवे रखडल्याबद्दल मात्र मेसेजकर्ता जे बोलला ते कमीच आहे. 2011 पासून चौपदरीकरण चालू आहे, गणपतीआधी दरवर्षी मंत्री पाहणी करतात, आणि चाकरमानी दरवर्षी माणगावला अडकतात. पण हा आळस कोकणी माणसाचा कसा?

किनारा हॉटेल कंपन्यांना द्या, या उपायाचा अनुभव दोन्हीकडे आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या सरकारने किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्यात घरं बांधायला बंदी घातली. कारण सुरक्षिततेचं. मच्छीमार मागे ढकलले गेले, हॉटेलांना त्यातून वाट मिळाली, आणि अरुगम बेसारख्या ठिकाणी लोक त्याविरुद्ध उभे राहिले. इकडे सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच दशकात शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन घेतली गेली, आणि पुढची कित्येक वर्षं तिथे ना हॉटेल झालं, ना लोकांचा वाद मिटला. मालवणात आज जी काही वर्दळ आहे ती स्थानिकांच्या निवास-न्याहारीच्या खोल्या, बोटी आणि खानावळींनी आणली. सोनं म्हणा, पितळ म्हणा, ते त्यांनी केलं.

शेवटी स्वच्छता, कारण तिथे मेसेजकर्ता नकळत कामाचं बोललाय. भूतान स्वच्छ आहे, कबूल. तो परदेशी पर्यटकाकडून दर रात्रीचे शंभर डॉलर घेतो, भारतीयाकडून बाराशे रुपये. 2019 मध्ये, कोरोनाच्या आधी, तिथे वर्षभरात तीन लाखांच्या वर पर्यटक गेले आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. म्हणजे भूतानच्या पारोत रॅपर खिशात ठेवणारा आणि दापोलीजवळच्या कर्द्याच्या वाळूत गाडी घालून बाटल्या फेकणारा माणूस बऱ्याचदा एकच आहे. त्याचा स्वभाव भूतानच्या वाटेवरच्या सिलिगुडीला बदलत नाही, तिथे त्याच्याकडून पैसे घेतलेले असतात आणि कुणी बघत असतं. इथे हजार-दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीने लाँग वीकेंडला तिच्या कित्येक पट माणसांचा कचरा उचलायचा, तोही घरपट्टीच्या पैशांतून.

काही ग्रामपंचायतींनी वेशीवर गाडीमागे स्वच्छता कराची पावती फाडायला सुरुवात केली आहे. रक्कम एका चहा-वड्याएवढी. तिथे बसणाऱ्या पोराला विचारा, दिवसभरात किती जण काच खाली न करता निघून जातात आणि किती जण ‘ही कसली लूट’ म्हणून व्हिडिओ काढतात. मेसेजकर्ते पुढच्या वेळी याच रस्त्याने आले, तर सुट्टे पैसे हाताशी ठेवावेत.