गलाईवाल्यांच्या पोरांची गोष्ट कोण छापणार?

निरनिराळ्या संस्कृतींतल्या येऊ घातलेल्या बाल-कुमार पुस्तकांबद्दल प्रकाशनसंस्थांचे संपादक एका लेखात इतक्या असोशीने बोलतात, ते वाचून फार बरं वाटलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांची मोजदाद ठेवतंय. आपल्याकडे?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या कारागिरांची पोरं तमिळनाडू-केरळात वाढतात. शाळेत एक भाषा, घरात माणदेशी, दिवाळीला गावी आली की दोन्हींची सरमिसळ. बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतली मुलं तर हंगामभर फडातच. ही मुलं नायक असलेल्या कुमार कादंबऱ्या मराठीत हव्यात, आणि शक्यतो त्यांच्यातल्याच कुणीतरी लिहिलेल्या. कीव करणारं लेखन नको. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं अशा पुस्तकांचं कपाट भरलेलं मला बघायचंय.