‘मंजुरी मागाहून, सोलर आधी सुरू करा’ सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात दारव्हा तालुक्यातून माझ्या मोठ्या आईचा फोन आला. घराच्या स्लॅबवर सोलर बसवायचे तिने ठरवले आहे, आणि ‘मंजुरी खर्च’ म्हणून एका एजंटाला १८,००० रुपये रोख देण्याची तिची तयारी झाली होती. तेवढे लागतातच, असे सांगणारा संदेश आमच्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता. संदेशातले म्हणणे थोडक्यात असे : तांत्रिक पाहणी आणि लोड वाढवण्याचे पैसे भरल्याशिवाय सोलरला मंजुरी मिळत नाही, मंजुरीला महिने लागतात, म्हणून पॅनेल बसताच ते सुरू करून टाकावे, जुने मीटर उलटे फिरून बिल कमी होते, गावठाणातल्या घराला सातबारा नसल्यामुळे अर्ज फेटाळला जातो, सोलर घेतले की वीज कंपनी खांबावरची लाईन काढून नेते, आणि लाईट गेली तरी सोलरवर घर चालू राहते. हाच मजकूर मी याआधी आणखी दोन गटांवर वाचला होता आणि सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर दिले असते, तर घरच्या माणसापर्यंत गोष्ट पैसे काढून ठेवण्याइतकी गेली नसती.

या संदेशातला सर्वांत घातक सल्ला मंजुरीआधी सोलर सुरू करण्याचा आहे. चकतीच्या जुन्या मीटरची चकती वीज बाहेर जाऊ लागली की उलटी फिरू शकत असे, हे खरे आहे, आणि ही समजूत तिथूनच आलेली दिसते. पण ती मीटरे आता बहुतेक घरांतून गेली आहेत. त्यांच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक मीटरे वीजचोरीला आळा बसावा म्हणून बहुधा अशी केलेली असतात की वीज घरात येवो की घरातून बाहेर जावो, आकडा पुढेच सरकतो. म्हणजे घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारे नेट मीटर लागण्याआधी तुम्ही तारेवर टाकलेली स्वतःची वीज तुम्हीच वापरली, असे गृहीत धरून तिचे बिल तुम्हालाच येते.

हे मी माझ्या मामेभावाच्या घरी डोळ्यांनी पाहिले. त्याने २ किलोवॅटचे सोलर बसवले आणि बसवून देणाऱ्या माणसाने, मीटर येत राहील, तोवर वीज वाया कशाला घालवता, असे म्हणून जाताना बटण चालू करून दिले. पुढच्या बिलात, एरवी ११० युनिटांच्या आसपास वापर असलेल्या त्या घराला २५५ युनिट लागले, आणि १०० च्या वरच्या युनिटांचा दर जास्त असल्याने रक्कम त्याहून मोठ्या पटीने वाढली. मी गेलो तेव्हा भरदुपार होती. आम्ही फ्रिज, पंखे, टीव्ही, एकूण एक बटण बंद केले आणि ओसरीतल्या मीटरसमोर जाऊन उभे राहिलो. घरात काहीही चालू नसताना मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता, म्हणजे मीटर युनिट मोजत होते. वर जाऊन सोलरचे बटण पाडले, तसा तो दिवा थांबला. त्याने लगेच सोलर बंद केले आणि नेट मीटर लागेपर्यंत सुरू केले नाही, पण त्या बिलाचे पैसे भरावेच लागले.

पैशांपेक्षाही मोठी बाब लाईनमनच्या जिवाची आहे. आपल्याकडे वादळवाऱ्यात तार तुटली की डीपी (ट्रान्सफॉर्मर) बंद करून लाईनमन खांबावर चढतो. ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारांना, जोडायचा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र), लाईन बंद झाली की स्वतःही बंद पडेल असाच असावा लागतो. पण जो बसवला तो खरोखर तसा आहे का, अर्थिंग नीट दिले आहे का, हे पॅनेल बसल्यावर होणाऱ्या तपासणीतच कळते. तपासणीआधी जोडलेल्या सोलरची कंपनीकडे नोंद नसते, आणि खांबावरच्या माणसाला खाली कोणत्या घरातून वीज उलटी येऊ शकते, याची कल्पना नसते. असा सल्ला लिहिणाऱ्याने आणि तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करायला हवा होता.

आता १८,००० रुपयांविषयी. केंद्र सरकारने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या, म्हणजे तिथल्या लाईनला तेवढे सोलर पेलेल का याच्या, पाहणीशिवाय मंजूर झाला असे मानायचे आहे. त्यासाठी मंजूर भार (लोड) वाढवावा लागला, तर ते काम वितरण कंपनीने करायचे आहे, आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी लाईन किंवा डीपी सक्षम करावी लागली, तर तो खर्चही कंपनीनेच उचलायचा आहे. खेड्यातल्या साधारण घराला २ ते ३ किलोवॅट पुरतात. मग ज्या पाहणीची अटच उरलेली नाही, तिचे पैसे हा एजंट कोणाच्या नावाने घेतो? अर्ज पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करता येतो. केंद्राचे अनुदान २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये असून सोलर सुरू झाल्यावर ते थेट बँक खात्यात येते. त्यासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे असावे लागते, तेवढे मात्र विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

उशीर लागतो, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. त्याच दुरुस्तीने मीटर लावून सोलर सुरू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे, तरी ती प्रत्येक गावात पाळली जाते असे नाही. पण उशिरावरचा इलाज लेखी तक्रार हा आहे, चोरून जोडणी हा नव्हे.

सातबारा हा शेतजमिनीचा उतारा आहे. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या नोंदवहीत असते, आणि योजनेच्या पात्रतेत सोलरजोगे छत असलेले स्वतःचे घर आणि वैध वीजजोडणी यांची अट आहे, वावराची नाही.

लाईन काढून नेतात, हा गोंधळ सौर कृषिपंपामुळे झालेला असावा. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते आणि पंप निव्वळ पॅनेलवर चालतो, तिथे खांबावरची लाईन लागत नाही. घरावरच्या सोलरचे तसे नाही. दिवसा उरलेली वीज ग्रिडवर जाते, रात्री ती ग्रिडवरून परत घेतली जाते, आणि शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्चपर्यंत पुढे ओढला जातो. म्हणून लाईन राहते, आणि स्थिर आकारही राहतो. बिल अगदी शून्य येईल, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

लाईट गेल्यावर घर चालू राहते, हे बॅटरी नसलेल्या साध्या सोलरबाबत सरळ चूक आहे. वर सांगितल्याप्रमाणे लाईन गेली की इन्व्हर्टरही थांबतो, मग बाहेर कितीही ऊन असो. आपल्याकडे लोडशेडिंग असताना ही गोष्ट विकत घेण्याआधीच कळायला हवी.

आणि ज्यामुळे गावातले अर्ज खरोखर अडकतात, त्याचा त्या संदेशात उल्लेखही नाही. मीटर अजून वारलेल्या माणसाच्या नावावर असते. मोठ्या आईचे मीटरही मोठ्या बाबांच्या नावावर आहे, आणि त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. तिने एजंटाला नकार कळवला आहे. मृत्यूचा दाखला आणि नमुना ८ जोडून नावबदलाचा अर्ज आम्ही सोमवारी दिला, आणि नवे नाव बिलावर छापून आले की पोर्टलवर नोंदणी करणार आहोत.