कॉव्हेंट्रीचं कथीड्रल चर्चिल यांनी ‘जळू दिलं’ नव्हतं

“चर्चिलना दोन दिवस आधीच कळलं होतं की कॉव्हेंट्रीवर हल्ला होणार. पण एनिग्मा फोडल्याचं गुपित राखायला त्यांनी शहर आणि तिथलं कथीड्रल जळू दिलं, अग्निशमन दलालाही थांबवून धरलं. याला म्हणतात नेतृत्व!” दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानांनी केलेल्या हल्ल्याबद्दलचा हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. (एनिग्मा म्हणजे जर्मनांचं सांकेतिक संदेशांचं यंत्र.) आता माझ्या भाचीला तो प्रशिक्षणवर्गात ‘कठोर निर्णयाचा आदर्श’ म्हणून शिकवला गेला, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात संतापजनक आहे ते अग्निशमन दलाबद्दलचं खोटं. 14 नोव्हेंबर 1940 रोजी संध्याकाळी सातनंतर भोंगा वाजला आणि आठच्या सुमारास सेंट मायकेल कथीड्रलच्या छतावर आगलावे बॉम्ब पडले. प्रोव्होस्ट (कथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू) रिचर्ड हॉवर्ड आणि त्यांचे सोबती वाळू, हातपंप घेऊन पहाऱ्यावरच होते. उघड्यावर पडलेला बॉम्ब वाळूने दाबता येतो. पण तो शिशाचा पत्रा वितळवून खालच्या ओकच्या लाकडावर जाऊन अडकला, की कुऱ्हाडीने पत्रा फोडून आत पाणी मारावं लागतं. तेवढ्यात लाकूड पेट घेतं आणि वरून पुढचे बॉम्ब येतच असतात. जवळच्या सॉलिहल गावाहून बंब आला, नळ्या जोडल्या, थोड्याच वेळात पाणी आटलं, कारण स्फोटक बॉम्बनी रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिन्या फोडल्या होत्या. छताला नंतरच्या काळात आधारासाठी घातलेल्या पोलादी तुळया तापून वाकल्या आणि खांब-कमानींना ओढत खाली आल्या. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या वाचल्या. त्याच फुटलेल्या वाहिन्यांमुळे घरंही विझवता आली नाहीत, आणि पुढचे कित्येक दिवस लोकांना पाणी उकळून प्यावं लागलं, विषमज्वराच्या लसी टोचाव्या लागल्या. कुणाच्या हुकमाने थांबलेलं यात काहीच नाही.

आता ‘दोन दिवस आधी’. ही कथा पसरली 1974 मध्ये माजी ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी विंटरबॉथम यांच्या पुस्तकामुळे. त्यांनीसुद्धा हल्ल्याच्या दिवशी दुपारी तीनची वेळ दिली होती. दोन दिवस मागाहून चिकटले. हिन्सली यांनी 1979 मध्ये लिहिलेला ब्रिटिश गुप्तवार्तेचा अधिकृत इतिहास स्पष्ट आहे: उलगडलेल्या संदेशांत ‘मूनलाइट सोनाटा’ हे मोहिमेचं सांकेतिक नाव मिळालं, शहर मिळालं नाही. एका युद्धकैद्याच्या बोलण्यात कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅमचा उल्लेख होता, पण तारीख 15 ते 20 नोव्हेंबरच्या दरम्यानची होती. हवाई मंत्रालयाचा कल लंडनकडे होता. म्हणूनच बाहेरगावी निघालेले चर्चिल वाटेतून लंडनला परतले.

शहर वाचवायला ‘काहीच केलं नाही’ असा अर्थ काढला जातो, तोही चूक. शंभराहून जास्त लढाऊ फेऱ्या झाल्या, पण रात्री शत्रूचं विमान सापडणंच अवघड होतं. विमानांना लक्ष्याकडे नेणारे जर्मन रेडिओ-झोत बिघडवणारी यंत्रं चालू होती. पण ती झोताच्या 2000 हर्ट्झच्या स्वराऐवजी 1500 हर्ट्झवर लावलेली असल्याने जर्मन यंत्रातल्या गाळणीने तो अडथळा बाजूला काढला.

एक गोष्ट कबूल करावी लागते. त्या दुपारी झोत कॉव्हेंट्रीवर एकमेकांना छेदताहेत, म्हणजे लक्ष्य तेच आहे, हे रेडिओ तज्ज्ञांना समजलं होतं, आणि तरी शहरातल्या लोकांपर्यंत इशारा वेळेत गेला नाही. 568 माणसं मेली. चौकशी करायची तर त्या तीन-चार तासांची करा.