दाराच्या पॅडमागचं ते प्लास्टिक

गाडीच्या दारातलं काच वर-खाली करणारं मशीन बदललं, स्पीकर बसवला किंवा लॉक दुरुस्त केलं, आणि पुढच्या मोठ्या पावसात पायाखालचं मॅटिंग ओलं झालं. गॅरेजवाला म्हणणार, एसीचं पाणी असेल. एसीचं पाणी कडक उन्हातही येतं हो. फक्त पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर ओल येत असेल, तर आधी ज्या दाराचं काम झालंय त्याचं पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढा.

मुळात गाडीचं दार आतून कोरडं नसतंच. काचेलगतची बाहेरची बीडिंग, म्हणजे रबरी पट्टी, थोडंफार पाणी अडवते, बाकीचं काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर जातं. कंपनीनेच तशी सोय केलेली असते. त्या ओल्या पोटाच्या आणि पॅडच्या मध्ये आडवं असतं ते फक्त एक शीट, प्लास्टिकचं किंवा फोमचं, ब्यूटाइल नावाच्या काळ्या चिकट रबरी लगद्याने डकवलेलं. तेच फर्रकन फाडायचं आणि नंतर चार ठिकाणी सेलोटेप मारायचा, याला मी अर्धवट काम म्हणतो. मशीनची मजुरी घेतली की शीट सील करणं त्यातच आलं.

शीट ओढू नका. हेअर ड्रायरने ब्यूटाइल कोमट करा आणि कटरचं पातं पत्र्याला समांतर धरून थराच्या मधोमध कापत जा. अर्धा थर पत्र्यावर राहतो, अर्धा शीटवर. त्याला बोट लावू नका, शीट जमिनीवर टाकू नका. धूळ बसली नाही तर तेच ब्यूटाइल गरम करून दाबलं की पुन्हा धरतं.

मळलं असेल तर ब्यूटाइलचाच गोळा करून टिपून काढा, कणकेच्या गोळ्याने परातीत चिकटलेली कणीक काढतो तसं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल नको, मागे तेलकटपणा राहतो आणि काही चिकटत नाही. नवीन ब्यूटाइलची दोरी ६ ते ८ मिमी जाडीची घ्या, हेडलाइट सील करायला वापरतात तीच चालते. एका दाराला साधारण ३ मीटर पुरते. दोरी तुटू न देता सलग फिरवा आणि चमच्याच्या पाठीने दाबत जा.

सिलिकॉनचा मोह टाळा. पॉलिथिनला ते धरत नाही, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, आणि त्याचा अंश राहिला की नंतर ब्यूटाइलही बसत नाही.

खरी चूक होते ती खालच्या कडेला. बऱ्याच गाड्यांत शीटची खालची झालर पत्र्याच्या खाचेतून आत, दाराच्या पोटात सोडलेली असते, म्हणजे शीटवरून ओघळलेला थेंब पुन्हा आतच पडतो. ती बाहेर राहिली तर वरून कितीही ब्यूटाइल लावा, पाणी पॅडमागून थेट मॅटिंगवर. शीट दोन तुकड्यांत जोडायचं असेल तर वरच्या तुकड्याची खालची कड पाण्याच्या बाजूला हवी, कौलांसारखी. वायरिंग आणि केबल जिथून बाहेर येतात तिथे ब्यूटाइल सगळ्या बाजूंनी लिंपा. स्पीकरच्या कडेनेही.

पॅड लावण्याआधी तळाची भोकं केबल टायने मोकळी करा. दार बंद करून बाहेरून काचेवर पाच मिनिटं साधा पाइप सोडा, प्रेशर वॉशर नको. तोवर आतल्या बाजूला शीटच्या खालच्या कडेला टिश्यू पेपर लावून ठेवा. पाणी भोकांतून पडलं आणि टिश्यू कोरडा राहिला, तरच पॅड चढवा.